खिसेकापू की जबरी चोर?

मेरी यंग ऊर्फ जेनी डायव्हर ही अठराव्या शतकातल्या लंडनची सगळ्यात गाजलेली खिसेकापू. खिसे कापताना ती आधी सापडली होती, हद्दपार होऊन अमेरिकेतल्या वसाहतींत गेली होती आणि परतही आली होती. पण १७४१ च्या मार्चमध्ये लंडनच्या टायबर्न या फाशीच्या जागी ती फासावर गेली ती खिसेकापू म्हणून नव्हे. तिच्यावरचा गुन्हा होता जबरी चोरीचा.

दोन्हींत माणसाच्या अंगावरचा ऐवज जातो, म्हणून आपण त्यांची सहज गल्लत करतो. लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात मात्र विचारलं जायचं, की चोरी होत असताना ती मालकाला कळली का?

खिसेकापूंविरुद्धचा कायदा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला, १५६५ चा. मालकाच्या नकळत त्याच्या अंगावरून एका शिलिंगापेक्षा जास्त किमतीची वस्तू लांबवली, तर फाशी. इथे सगळा भार ‘नकळत’ या शब्दावर आहे. खिशात शिरलेला हात मालकाला जाणवला, की हे कलम गळून पडायचं आणि गुन्हा साध्या चोरीवर यायचा. म्हणजे ज्याचा हात सफाईदार त्याला फास, आणि धांदरटाला हद्दपारी. मला हे फार अन्यायाचं वाटतं, आणि तेव्हाच्या ज्युरींनाही वाटत असावं. शिलिंगाचे पेन्स बारा, म्हणून ते चांगल्या वस्तूची किंमतही बेधडक दहा पेन्स ठरवायचे आणि आरोपीची मान सोडवायचे.

जबरी चोरीत ही पळवाट नव्हती, कारण तिथे किमतीला महत्त्वच नव्हतं. मारहाण करून किंवा धाक दाखवून एक पेनी घेतली तरी फाशी. घोड्यावरून पिस्तूल रोखणारा असो, की अंधाऱ्या गल्लीत वाट अडवणारा पायी चोर, कलम तेच. आपल्याकडे भारतीय दंड संहितेतही जबरी चोरी ठरायची ती इजा, बेकायदा अटकाव किंवा त्यांची भीती यांवरूनच.

वर बक्षिसाचा पैसा होता. १६९२ च्या कायद्यानुसार वाटमाऱ्याला शिक्षा झाली, की पकडून देणाऱ्याला ४० पौंड मिळत. साध्या मजुराच्या वर्षभराच्या कमाईहून ही रक्कम मोठी. पगारी पोलीसदल नव्हतं, खटला फिर्यादीनेच चालवायचा, म्हणून सरकारने हे आमिष ठेवलं. त्यातून बक्षिसासाठी चोर पकडणारे धंदेवाईक निपजले, आणि १७५४ मध्ये उघड झालं, की मॅकडॅनियलच्या टोळीने गुन्हे रचून, खोट्या साक्षी देऊन माणसं फासावर चढवली होती. खिसेकापूवर असं बक्षीस नव्हतं.

मधल्या फटीतली चोरीही होती. कुणी डोक्यावरची टोपी हिसकावून पळाला, तर ते नकळत नाही, आणि झटापट झाली नसेल तर जबरीही नाही. ती साधी चोरी.

जेनी सापडली ती नेमकी या सीमेवर. रस्त्यात टाकलेल्या फळीवरून जाणाऱ्या एका बाईला मदत करायच्या निमित्ताने तिच्या साथीदाराने त्या बाईचा हात धरून ठेवला. तेवढ्यात खिशात शिरलेला जेनीचा हात बाईला जाणवला आणि तिने तो पकडला. बारा शिलिंग गेले होते. चोरी कळली होती, म्हणून खिसेकापूचं कलम लागेना. पण बळ वापरलं गेलं होतं.

खिसेकापूंची फाशी संसदसदस्य सॅम्युअल रॉमिली यांच्या प्रयत्नांनी १८०८ मध्ये रद्द झाली. जबरी चोरीची त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिली.