दारे, आधुनिक : कल्पक प्रकार व फिटिंग

चौकट, फळी, बिजागरी आणि कडीकोयंडा एवढ्यावर भागणाऱ्या नेहमीच्या दाराहून वेगळ्या रीतीने उघडणारी किंवा मिटणारी दारे, तसेच त्यांवर बसवायची साधने यांचा विचार या नोंदीत केला आहे. दाराकडून आपण दोन उलट कामे मागतो. माणसाला वाट मिळावी आणि वारा, धूळ, आग किंवा परका माणूस मात्र अडावा. बिजागरीच्या दाराला एका वेळी यांतले एकच जमते. गेल्या सुमारे दीडशे वर्षांतील बहुतेक नव्या दारांचा उगम याच अडचणीत आहे. वरवर केवळ गंमत वाटणाऱ्या दारांच्या मुळाशीही बहुधा तीच सापडते.

फिरते दार : उभ्या आसाला जोडलेली तीन किंवा चार पाती वाटोळ्या कोठीत फिरतात. पात्यांच्या कडांना ब्रशची किंवा रबराची पट्टी असते आणि ती कोठीच्या भिंतीला घासत जाते. त्यामुळे आतली व बाहेरची हवा थेट भिडत नाही. माणसे येत-जात असली, तरी दार बंदच राहते.

या दाराचे जनक म्हणून फिलाडेल्फियाचे थिऑफिलस व्हॅन कॅनेल यांचे नाव सर्रास दिले जाते. त्यांना ७ ऑगस्ट १८८८ रोजी अमेरिकन पेटंट (क्र. ३,८७,५७१) मिळाले. पेटंटच्या शीर्षकात ‘फिरते’ हा शब्दच नाही. वादळापासून आडोसा देणाऱ्या दाराची रचना, एवढाच त्याचा अर्थ होतो. आकृतीत तीन पाती दाखविली आहेत. मात्र याच्या जवळजवळ सात वर्षे आधी, २२ डिसेंबर १८८१ रोजी, बर्लिनचे एच. बोकहाकर यांना ‘हवेचा झोत न येणारे दार’ या अर्थाच्या शीर्षकाचे जर्मन पेटंट (क्र. १८३४९) मिळाले होते. केवळ तारखा पाहिल्या, तर मान बोकहाकर यांच्याकडे जातो. दुसऱ्या बाजूने असे म्हणता येते, की दार घडवून, विकून, त्यासाठी कंपनी चालवून ते रुळविले ते व्हॅन कॅनेल यांनी. १८८९ मध्ये त्यांना फिलाडेल्फिया शहराचे जॉन स्कॉट पदक मिळाले आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानयादीत त्यांचे नाव समाविष्ट झाले. कल्पनेचा अग्रक्रम बोकहाकर यांचा आणि प्रसाराचे श्रेय व्हॅन कॅनेल यांचे, ही वाटणी अधिक सयुक्तिक वाटते. स्त्रियांसाठी दार धरून उभे राहण्याचा कंटाळा येऊन व्हॅन कॅनेल यांनी हा शोध लावला, अशी गोष्ट सांगितली जाते. पेटंटच्या मजकुरात भर आहे तो वारा, बर्फ, पाऊस, धूळ व आवाज यांच्या अटकावावर आणि दोन माणसांची टक्कर न होता एकाच वेळी आत-बाहेर करता येण्यावर. तेव्हा ती गोष्ट बाजूला ठेवणेच बरे.

असे पहिले लाकडी दार १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील रेक्टर्स या उपाहारगृहात बसविले गेले, असे सामान्यतः मानतात. त्या चौकाला टाइम्स स्क्वेअर हे नाव १९०४ मध्ये मिळाले, हे ध्यानात घेता प्रचलित वाक्य नंतरच्या काळात घडलेले दिसते.

उंच इमारतींना हे दार का मानवले, याचे कारण हवेच्या दाबात आहे. थंडीत आतली ऊबदार, हलकी हवा जिन्यांच्या व लिफ्टच्या पोकळीतून वर चढते आणि तळमजल्यावर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडतो. बाहेर उघडणारे साधे दार मग चौकटीला चिकटून बसते. दाबातील फरक अवघा ५० पास्कल धरला, तरी २ चौ. मी. फळीवर सुमारे १०० न्यूटन बल येते, म्हणजे साधारण १० किग्रॅ. वजनाइतके, मूठ बिजागरीपासून दूर असल्याने हाताला त्याच्या निम्म्याएवढे जाणवते. मुलांना किंवा वृद्धांना एवढेही जड जाते. फिरत्या दारात हाच दाब आसाच्या दोन्ही बाजूंच्या पात्यांवर सारखा पडतो. एक बाजू दाराला जेवढी वळवू पाहते, तेवढीच दुसरी बाजू उलट वळवते. म्हणून तळव्याने हलके लोटले, तरी दार फिरते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विद्यार्थ्यांनी २००६ मध्ये केलेल्या पाहणीत, माणूस साध्या दाराने गेल्यास फिरत्या दाराच्या सुमारे आठपट हवेची देवघेव होते, असे आढळले.

या दाराचा दोष २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबच्या आगीत उघड झाला. मुख्य प्रवेशाचे फिरते दार गर्दीच्या रेट्याने जाम झाले. इतर दारांपैकी काही बंद होती, काही आत उघडणारी होती. ४९२ माणसे दगावली. हवेला सदैव बंद असलेले दार माणसांनाही बंद झाले होते. त्यानंतर फिरत्या दाराशेजारी बाहेर उघडणारी साधी दारे ठेवणे आणि पाती दुमडणारी असणे, असे नियम आले. दुमडणाऱ्या रचनेत ठराविक बलापलीकडे रेटा आला, की पात्यांची आसावरची पकड सुटते, ती पुस्तकाच्या पानांसारखी एकावर एक येतात आणि दोन्ही बाजूंना वाट मोकळी होते.

पॅनिक बार : बाहेरून बंद, आतून मात्र अंग टेकताच उघडे, अशी ही योजना आहे. दाराच्या आतल्या बाजूला कमरेच्या उंचीवर आडवी दांडी असते. ती दाबली गेली, की खटका मागे सरतो. उभ्या सळ्यांच्या प्रकारात वरची व खालची अशा दोन्ही खिट्या एकदम सुटतात. मूठ शोधावी लागत नाही, फिरवावी लागत नाही. अंधारात, धुरात, मागून रेटली गेलेली व्यक्ती छातीने किंवा पोटाने दांडीवर आदळली, तरी दार उघडते. माणूस विचार करू शकणार नाही हे गृहीत धरून बनविलेले इतके माणुसकीचे दुसरे फिटिंग क्वचितच सापडेल.

त्याच्या उगमाविषयीही दोन मते आहेत. इंग्लंडमधील संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी भेटवस्तू घेण्यासाठी मुले जिन्यावरून खाली धावली. तळाचे दार एका वेळी एकच मूल जाईल एवढीच फट ठेवून बोल्टने अडकविलेले होते. १८३ मुले चेंगरून मेली. या घटनेनंतर बाहेर जाण्याच्या वाटांविषयी कायदे झाले आणि रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांना १८९२ मध्ये आतून दाबताच सुटणाऱ्या बोल्टचे ब्रिटिश पेटंट मिळाले. अमेरिकन लेखनात मात्र ३० डिसेंबर १९०३ रोजीच्या शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहातील आगीपासून सुरुवात केली जाते. तीत सुमारे ६०० बळी गेले. दारांवरचे बोल्ट अनोळखी असल्याने लोकांना ते उघडता आले नव्हते. त्या खेळाला जायचे असूनही कामामुळे न जाऊ शकलेले हार्डवेअर विक्रेते कार्ल प्रिंझलर यांनी हेन्री ड्यूपाँट यांच्या साहाय्याने १९०८ मध्ये आपली दांडी बाजारात आणली. व्हॉनेगट (प्रिंझलर यांची हार्डवेअर कंपनी), ड्यूपाँट आणि प्रिंझलर या नावांच्या अक्षरांतून ‘व्हॉन डूप्रिन’ हे उत्पादनाचे नाव झाले. पेटंटच्या क्रमाने ब्रिग्ज आधीचे ठरतात.

आपोआप चालणारी दारे : पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हीरॉन यांनी अग्निवेदी पेटताच उघडणाऱ्या मंदिराच्या दारांचे वर्णन केले आहे. तापलेली हवा पाण्याला ढकलते, पाणी टांगलेल्या भांड्यात उतरते, भांडे जड होऊन दोर ओढते. आधुनिक सरकते दार अमेरिकेत टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी येथे डी हॉर्टन व ल्यू ह्यूइट यांनी १९५४ मध्ये योजिले. तिथल्या जोरदार वाऱ्यापुढे झुलती दारे टिकत नव्हती. १९६० पासून ते विकले जाऊ लागले. प्रारंभी पायाखालच्या चटईत स्विच असे. पुढे सूक्ष्मतरंग व अवरक्त संवेदक आले.

आपोआप मिटण्याचे काम डोअर क्लोजर (दाराच्या वरच्या कडेला बसवायची, स्प्रिंग, दट्ट्या व तेल असलेली पेटी) करतो आणि रोज शेकडो वेळा करूनही तो कुणाच्या नजरेत भरत नाही. दार उघडताना हात स्प्रिंग दाबतो. सोडताच ती दाराला परत ओढते, पण दट्ट्यापुढचे तेल बारीक छिद्रांतूनच निसटू शकत असल्याने दार सावकाश येते. एक स्क्रू मिटण्याच्या बहुतेक पल्ल्याचा वेग ठरवतो, दुसरा अखेरच्या बोटभर अंतराचा. तिथे थोडा जोर लागतो, नाहीतर लॅच बसत नाही. दार धाडकन आपटू लागले आणि पेटीखाली तेलकट ओघळ दिसला, तर आतले सील गेले असे समजावे. स्क्रू पिळून उपयोग होत नाही.

दोन चौकटींचे दार व इतर नवल : कलावंत मार्सेल द्यूशाँ यांनी १९२७ मध्ये पॅरिसच्या ११, र्‍यू लारे येथील आपल्या घरात काटकोनातील दोन चौकटींना मिळून एकच फळी सुताराकडून बसवून घेतली. एक चौकट बंद केली, की दुसरी उघडी. दार एक तर उघडे असते किंवा बंद, अशी फ्रेंच म्हण आहे. हे दार एकाच क्षणी दोन्ही असे. जागेची अडचणही त्यातून सुटली, हे कलेच्या चर्चेत मागे पडते. ऑस्ट्रियाचे क्लेमेन्स टॉर्गलर यांच्या दारात फळीचे त्रिकोण कागदाच्या घडीसारखे दुमडत बाजूला सरकतात आणि पुन्हा सपाट होतात. प्रचंडपणाची कमाल अमेरिकेतील केनेडी अवकाशकेंद्राच्या यानजोडणी इमारतीत दिसते. तिची सुमारे १३९ मी. उंचीची दारे पूर्ण उघडायला जवळजवळ ४५ मिनिटे घेतात.

मुठी : गोल मुठीचा शोध ऑस्बर्न डॉर्सी यांनी १८७८ मध्ये लावला, हे विधान फार पसरले आहे. त्यांचे १० डिसेंबर १८७८ चे पेटंट (क्र. २,१०,७६४) दार धरून ठेवण्याच्या साधनातील सुधारणेचे आहे, मुठी त्याआधीच वापरात होत्या. तत्त्वज्ञ लूटव्हिख व्हिटगेनश्टाइन यांनी १९२६–२८ मध्ये व्हिएन्नात बहिणीसाठी बांधलेल्या घराच्या साध्या नळीवजा मुठींवर दीर्घ काळ घालविला. जर्मन वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपिअस यांची १९२० नंतरच्या दशकारंभीची मूठ म्हणजे चौकोनी दांडा आणि दंडगोल यांची जोडी होय. अमेरिकन संज्ञानविज्ञ डॉनल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले, की लोटायच्या दारावर ओढायची मूठ बसविली, तर चूक वापरणाऱ्याची नसते. लोटायच्या बाजूला सपाट पट्टी असेल, तर पाटी लावावी लागत नाही. पितळी मुठीवरचे जंतू काही तासांत मरतात, स्टेनलेस स्टीलवर ते टिकतात. मात्र पितळेवर लाखेचा थर दिल्यास हा गुण जातो. कोविड-१९ च्या साथीत कोपराने ओढायची व पायाने ओढायची फिटिंगे वाढली.

कार्ड व विजेची कुलपे : नॉर्वेच्या टोर सॉर्नेस यांनी १९७० नंतरच्या दशकात हॉटेलांसाठी छिद्रांच्या प्लास्टिक कार्डावर चालणारे यांत्रिक कुलूप केले. छिद्रांच्या ३२ जागांमुळे सुमारे ४२९ कोटी जुळण्या होतात आणि प्रत्येक पाहुण्यागणिक नवी किल्ली देता येते. विजेच्या कुलपांत वीज गेल्यावर दार मोकळे व्हावे की बंदच राहावे, हे आधी ठरवावे लागते. विद्युत्‌चुंबकाने धरलेली कुलपे वीज जाताच सुटतात, म्हणून ती बाहेर पडण्याच्या वाटांवर बसवितात. तिजोरीच्या खोलीला उलट प्रकार लागतो. आगप्रतिबंधक दारांत हाच चुंबक दाराला उघडे धरून ठेवतो. धोक्याची घंटा वाजली, की प्रवाह तुटतो आणि डोअर क्लोजर दार ओढून घेतो.