संसदेकडे याचिका कशी करायची? बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी माहिती

बेळगावात निवेदन देणं हा दर आठवड्याचा कार्यक्रम आहे. डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कचेरीच्या) पायऱ्यांवर मंडळी जमतात, कागद पुढे करताना फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते आणि निवेदन आवक रजिस्टरात चढून गप्प बसतं. निवेदन वाईट नव्हे, पण ते जातं कार्यकारी मंडळाकडे, म्हणजे ज्यांनी काम करायचं राहून गेलंय त्यांच्याच टेबलावर. त्यांना जाब विचारायचा अधिकार कायदेमंडळाला आहे आणि तिथे सामान्य माणसाला आपली तक्रार स्वतःच्या सहीने नेता येते. लोकसभेत आणि राज्यसभेत याचिका दाखल करायची सोय आहे. कोर्टाच्या याचिकेशी तिचा संबंध नाही. वकील, स्टॅम्प पेपर, फी यांतलं काहीही लागत नाही.

या कागदाला वजन कुठून येतं? राज्यघटनेच्या कलम ७५(३) नुसार केंद्रीय मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार असतं. बंगळूरच्या सरकारला हीच जबाबदारी कलम १६४ विधानसभेपुढे देतं. मंत्री आपल्या फोनला उत्तर देईल न देईल, पण सभागृहाच्या समितीने खुलासा मागितला की मंत्रालयाला तो द्यावाच लागतो. लोकसभेची याचिका समिती १५ जणांची, राज्यसभेची १० जणांची. लोकसभेच्या समितीवर मंत्र्याला घेता येत नाही, कारण ज्याची झडती घ्यायची तोच झडती घेणारा कसा असेल? ही समिती स्वातंत्र्याच्याही आधीची, १९२४ सालापासूनची आहे.

आधी विषय कुणाचा ते पाहा

बहुतेक कागद इथेच अडकतात, म्हणून थोडं सविस्तर. राज्याच्या विधिमंडळात मांडायचा विषय संसदेत याचिका म्हणून चालत नाही. केंद्राकडे काय आणि राज्याकडे काय हे घटनेच्या सातव्या अनुसूचीत लिहिलेलं आहे, पण आपल्या भागातली उदाहरणं घेतली की लवकर कळतं.

खानापूर स्टेशनवर एखाद्या एक्स्प्रेसला थांबा हवा, तर तो रेल्वेचा म्हणजे केंद्राचा विषय. कणकुंबी-जांबोटीकडच्या जंगलातल्या गावांत मोबाइलला रेंज नाही, दूरसंचारही केंद्राचंच. राष्ट्रीय महामार्ग आणि टपाल खातं केंद्राकडे. बेळगावचा कॅम्प भाग महापालिकेत येत नाही. तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे आणि ते संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली. त्यामुळे कॅम्पातल्या गटारीचा प्रश्न दिल्लीचा आणि पलीकडच्या गल्लीतल्या गटारीचा महापालिकेचा, असा मजेशीर प्रकार आपल्याकडे आहे.

उलट गावात एसटी येत नाही, मराठी शाळेत शिक्षक नाही, सातबारा वेळेवर मिळत नाही, पोलीस फिर्याद घेत नाहीत, हे सगळं राज्याचं. ऊस मात्र दोन्हीकडे लोंबकळतो. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं, पण कारखान्याने बिल थकवलं तर वसुलीची कारवाई राज्याकडून व्हायची. चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी म्हणूनच आपली मागणी दराची आहे की थकबाकीची, हे आधी ठरवावं. दोन्ही एका कागदात घातली की याचिका परत यायला निमित्त मिळतं.

दुसरी चाळणी कोर्टाची. जो विषय कोर्टाच्या कक्षेत आहे त्यावर याचिका घेत नाहीत. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा दाखल केलेला आहे, तेव्हा 'आम्हाला महाराष्ट्रात घ्या' ही मागणी या वाटेने पुढे जाणार नाही. म्हादईच्या पाण्याचंही तेच. कायद्याने दुसरा उपाय उपलब्ध असेल, उदाहरणार्थ ग्राहक आयोग किंवा भूसंपादन मोबदल्याचं अपील, तर आधी तो वापरा असं सांगितलं जातं. विषय चार लोकांच्या हिताचा, सार्वजनिक असावा. एकट्याच्या बदलीचं किंवा पेन्शनचं प्रकरण या साच्यात बसवायला जाऊ नये. यापलीकडे संसदेपुढे आलेल्या विधेयकावर किंवा सभागृहापुढे असलेल्या कामकाजावरही याचिका करता येते. आपल्याकडे हे जवळपास कुणी करत नाही.

कोण करू शकतो आणि खासदार कोणता?

पात्रतेची लांबलचक यादी नियमांत नाही. एका माणसाच्या सहीचीही याचिका चालते. पन्नास गावांच्या सह्या असल्या तर बरं, पण सह्यांच्या गठ्ठ्याने कच्चा मुद्दा पक्का होत नाही.

याचिका खासदारामार्फत मांडता येते, त्यावर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. ती थेट लोकसभेच्या महासचिवांकडे, संसद भवन, नवी दिल्ली या पत्त्यावरही पाठवता येते. मग सभागृहाला ते कळवतात. माझं मत विचाराल तर खासदार गाठावा. सभागृहात उभं राहून आपल्या गावाचं नाव कुणीतरी घेतलं तर ते कामकाजात नोंदलं जातं.

आता खासदार कोण, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत आणि ते तीन लोकसभा मतदारसंघांत वाटले गेलेत. बेळगाव शहर, ग्रामीण, गोकाक, बैलहोंगल, सौंदत्ती हे बेळगावमध्ये, निपाणी, अथणी, कागवाड, हुक्केरी, यमकनमर्डी हे चिकोडीमध्ये. खानापूर आणि कित्तूर मात्र उत्तर कन्नड मतदारसंघात, कारवार-शिरशीच्या जोडीला. खानापूरची माणसं बाजाराला, दवाखान्याला आणि कोर्टाला बेळगावला येतात म्हणून बेळगावच्या खासदारांच्या कार्यालयात जाऊन बसतात आणि तिथून 'तुमचे साहेब वेगळे' असं ऐकून परततात. तसं याचिका कोणत्याही खासदाराने मांडायला नियमाची आडकाठी नाही. राज्यसभेसाठी कर्नाटकातले १२ सदस्य आहेत, त्यांतल्या कुणाकडेही जाता येतं. खासदाराला स्वतःची याचिका स्वतः मांडता येत नाही, म्हणून उत्साहाच्या भरात त्यांची सही याचिकाकर्त्यांत घेऊ नका.

कोणत्या भाषेत लिहायचं?

कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे मराठीतून द्यायचा हक्क आहे. तहसीलदार कचेरीत 'कन्नडमध्ये आणा' म्हटलं तर हे कलम शांतपणे दाखवावं. उत्तर मराठीतच मिळेल असं मात्र त्यात लिहिलेलं नाही.

सभागृहापुढच्या याचिकेला वेगळा नियम आहे. ती हिंदीत किंवा इंग्रजीत असावी लागते. मराठीत लिहिली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर द्यायचं आणि त्यावरही सही करायची. गावातून सह्या घ्यायच्या असतील तर हिंदी बरी. लिपी तीच असल्यामुळे आपण कशावर सही करतोय हे बायाबापड्यांनाही वाचता येतं. कारकुनी इंग्रजीवर अंगठा घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

कागद कसा करायचा?

इथे सवयीच्या उलट जायचं आहे. आपल्याकडे अर्ज म्हटला की आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, सगळ्याच्या झेरॉक्स आणि वर दोन फोटो. लोकसभेच्या याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं किंवा इतर कागदपत्रं जोडायचीच नाहीत, असा नियम आहे. जे सांगायचं ते याचिकेच्या मजकुरात आलं पाहिजे. पुरावे घरी फाइलमध्ये क्रमाने लावून ठेवा, समितीने मागितले तर कामाला येतील.

मजकुराचा साचा ठरलेला आहे. सुरुवातीला 'लोकसभेस', मग याचिकाकर्ता कोण, मग 'सविनय निवेदन असे की' म्हणून थोडक्यात वस्तुस्थिती आणि शेवटी मागणी. मागणीशिवाय याचिका अपुरी मानतात. वस्तुस्थितीत तारखा, गावांची नावं, आधी कुणाला कधी लिहिलं आणि काय उत्तर आलं एवढं असावं. 'प्रशासनाच्या गेंड्याच्या कातडीला' वगैरे सभेतली भाषा बाजूला ठेवा. भाषा आदराची आणि संयमाची असावी, अशी अटच आहे. मागणीही नेमकी हवी. 'रेल्वेच्या समस्या सोडवाव्यात' असं लिहिलं तर रेल्वे मंत्रालय 'प्रयत्न चालू आहेत' म्हणून मोकळं होतं. कोणत्या गाडीला कोणत्या स्टेशनवर थांबा, हे लिहिलं तर हो की नाही सांगावं लागतं.

सह्यांचं पान काळजीने करा. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही, लिहिता येत नसेल तर अंगठा. पत्ता म्हणून नुसतं 'मारुती गल्ली' लिहू नका, ती आपल्याकडे गावोगाव आहे. घर नंबर, गाव, पोस्ट, तालुका, पिन कोड घाला. मूळ मागणीच्या पानावर निदान एक सही असू द्या आणि सह्यांची पानं जास्त झाली तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणी पुन्हा लिहा. हळदीकुंकवाला किंवा भजनाला जमलेल्या सह्या असतील तरी मग त्या दुसऱ्याच कशासाठी घेतल्या होत्या, असं कुणी म्हणू शकत नाही.

पुढे काय होतं?

खासदार आधी सूचना देतात, अध्यक्षांनी स्वीकारली की याचिका सभागृहात मांडली जाते. त्यावर चर्चा होत नाही, ती समितीकडे जाते. समिती संबंधित मंत्रालयाचं लेखी म्हणणं मागवते, गरज पडली तर सचिवांना समोर बसवते, याचिकाकर्त्यांना ऐकते, जागेवर जाऊनही पाहते. मग अहवाल सभागृहात येतो. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. पण तिचं काय केलं आणि नसेल केलं तर का, हे सरकारला सांगावं लागतं आणि तेही छापलं जातं.

साच्यात न बसणारी पत्रंही समिती पाहते. दोन प्रकारची मात्र नुसती फाइल होतात. एक, नाव-पत्ता नसलेली किंवा न वाचता येणारी. दुसरी, दुसऱ्याच कार्यालयाला लिहून खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून पाठवलेली, ज्यात समितीकडे वेगळी मागणी नसते. आपल्या निवेदनांच्या तळाशी पंतप्रधानांपासून ग्रामपंचायतीपर्यंत जी माळ असते, ती इथे उपयोगाची नाही.

राज्याचा विषय असेल तर आमदार गाठा. कर्नाटक विधिमंडळातही याचिका समिती आहे आणि हिवाळी अधिवेशन हलग्याजवळच्या सुवर्णसौधमध्ये भरतं तेव्हा आमदार आपल्या दारात आलेले असतात.

काम लहान आणि नेमकं असेल तर मी याचिकेऐवजी खासदारांना अतारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर फक्त लेखी येतं तो, विचारायला सांगेन. लोकसभेत दिवसाला २३० पर्यंत अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं येतात. किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख कळताच हलायला हवं. उत्तरात मंत्र्यांनी 'करू' असं आश्वासन दिलं तर ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर नजर ठेवायला आश्वासन समिती वेगळी आहे. हे उत्तर हातात आल्यावर केलेली याचिका जास्त टोकदार होते.

लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढच्या प्रलंबित याचिका बाद होतात आणि नव्या लोकसभेत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सध्याची अठरावी लोकसभा जून २०२४ मध्ये बसली, तेव्हा सह्या गोळा करून कपाटात ठेवल्या असतील तर आताच काढा. राज्यसभा विसर्जित होत नाही, त्यामुळे मुदतीच्या अखेरीस जाग आली तर कागद तिकडे न्यावा.