आकडा सुधारला, पण रुग्ण वाचला का?

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या माणसाचा ईसीजी पाहिला, तर मधूनच एखादा जादा ठोका दिसतो. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, वेळेआधीच उठलेला. ज्यांच्यात असे ठोके वारंवार येतात त्यांना पुढे अचानक मृत्यू येण्याचा धोका जास्त असतो, हे १९८०च्या सुमारास डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. मग हे ठोके औषधाने दाबले तर मृत्यूही टळतील, असं वाटणं स्वाभाविक होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही दोन औषधं ठोके दाबण्यात फार प्रभावी होती आणि रुग्णांना ती दिलीही जात होती.

ती खरंच जीव वाचवतात का, हे तपासायला अमेरिकेत 'कास्ट' नावाची चाचणी झाली. तिची रचना औषधांना झुकतं माप देणारी होती. आधी सगळ्यांना औषध देऊन पाहिलं आणि ज्यांचे ठोके त्याने दबले, मुख्यतः त्यांनाच पुढे घेतलं. मग नशिबाच्या भरवशावर दोन गट पाडले. एकाला खरं औषध, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या औषधहीन गोळ्या. सरासरी दहा महिन्यांच्या पाठपुराव्यात औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ जण दगावले, औषधहीन गोळ्या घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. जादा ठोके कमी झाले आणि मृत्यू दुपटीहून अधिक वाढले. १९८९मध्ये या दोन औषधांची चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

कारण हृदयाच्या विजेत होतं. ही औषधं पेशींमधले सोडियमचे मार्ग अडवतात, त्यामुळे विद्युत लहर हळू सरकते. निरोगी स्नायूत त्याने सहसा काही बिघडत नाही. पण झटक्यानंतर स्नायूत व्रण राहिलेला असतो. त्याच्या कडेने हळू सरकणारी लहर वळून मागे येऊ शकते आणि स्वतःभोवतीच फिरत राहते. मग हृदय ठोके देण्याऐवजी नुसतं थरथरतं.

मला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. औषधं लिहून देणाऱ्या डॉक्टरांपैकी कुणी निष्काळजी नव्हतं. त्यांच्या रुग्णांपैकी एखादा अचानक गेला, तर त्याचा आजारच गंभीर होता, हेच कारण पटण्यासारखं होतं. झटका येऊन गेलेली माणसं औषधाविनाही दगावतात. जो वाचला त्याचं श्रेय मात्र औषधाला मिळत राहिलं. एका डॉक्टरने आयुष्यभर कितीही बारकाईने रुग्ण पाहिले, तरी हा फरक त्याच्या नजरेला पडला नसता. तो दिसायला औषध न मिळालेले, पण बाकी सर्व बाबतींत सारखे असलेले शेकडो लोक शेजारी असावे लागतात. आणि तसे सारखे गट पाडायचा भरवशाचा मार्ग एकच, कोण कुठे जाईल हे डॉक्टर किंवा रुग्णाने न ठरवता नाणेफेकीसारख्या योगायोगावर सोडणं.

अतिदक्षता विभागात हा प्रश्न आणखी तीव्र होतो, कारण तिथे रुग्णाच्या उशाशी आकड्यांचा पडदाच असतो. रक्तदाब, ऑक्सिजन, साखर, नाडी. आकडा खाली आला की वर न्यावा, वर गेला की खाली आणावा, हा मोह प्रचंड असतो आणि बहुतेक वेळा तो योग्यही असतो. पण तीव्र श्वसनविकारात, म्हणजे फुप्फुसं सुजून द्रवाने भरतात तेव्हा काय झालं ते पाहा. व्हेंटिलेटरवरच्या अशा रुग्णाला पूर्वी मोठे मोठे श्वास दिले जात. अमेरिकेतल्या एका चाचणीत ८६१ रुग्णांचे दोन गट केले. एकाला प्रत्येक किलो वजनामागे १२ मिलिलिटर हवेचा श्वास, दुसऱ्याला ६ मिलिलिटर. हे वजन काट्यावरचं नव्हे, तर उंचीवरून काढलेलं, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत.

पहिल्या काही दिवसांत मोठे श्वास मिळणाऱ्यांच्या रक्तातला ऑक्सिजन अधिक चांगला होता. तेवढ्यावर निर्णय घेतला असता, तर लहान श्वास बाद ठरले असते. पण अखेरीस मोठ्या श्वासांच्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले आणि लहान श्वासांच्या गटात ३१ टक्के. २००० साली हा निकाल प्रसिद्ध झाला. आजारी फुप्फुसाचा फारच थोडा भाग हवेसाठी मोकळा उरलेला असतो. सगळी हवा त्याच भागात शिरते, तो जरुरीपेक्षा ताणला जातो, त्यातून दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडासारख्या दूरच्या अवयवांनाही इजा होऊ शकते. ऑक्सिजनचा आकडा खरा होता, पण तो या नुकसानीबद्दल काहीच सांगत नव्हता.

उलट दिशेनेही असंच घडलं आहे. कमकुवत हृदयाला बीटा ब्लॉकर देऊ नये, असं वैद्यकाचे विद्यार्थी कित्येक वर्षं शिकत आले. ही औषधं हृदयाचा जोर कमी करतात, तेव्हा आधीच थकलेल्या हृदयाला ती कशी द्यायची? स्वीडनमधल्या योटेबोरीच्या डॉक्टरांनी १९७५च्या सुमारास मूठभर रुग्णांवर हा प्रयोग केला, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते. १९९९मध्ये २,६४७ रुग्णांच्या एका युरोपीय चाचणीत बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांतले ११.८ टक्के दगावले, न घेणाऱ्यांतले १७.३ टक्के. ही चाचणीही लवकर थांबवली गेली, या वेळी फायदा स्पष्ट दिसल्यामुळे. थकलेल्या हृदयाला शरीर सतत अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांनी हाकत असतं आणि हे हाकणंच कालांतराने स्नायू झिजवतं; बीटा ब्लॉकर तेच आवरतात. मात्र डोस अगदी अल्प ठेवून, आठवड्यांच्या अंतराने वाढवावा लागतो.

चाचणी मोठी असली म्हणजे तिच्यातून हवं ते काढता येतं, असं मात्र नाही. १९८८च्या 'आयसिस-२' चाचणीत हृदयविकाराचा झटका आलेले १७,१८७ रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिन आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज ही दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणांनी ८ टक्के दगावले, दोन्हींपैकी काहीच न मिळालेल्यांत १३.२ टक्के. इतका भक्कम निकाल. मग कोणत्या वयाच्या, कोणत्या प्रकारच्या रुग्णाला किती फायदा झाला, अशी वर्गवारी अहवालात द्यावी की नाही, हा प्रश्न आला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ती दिली आणि सोबत जन्मतारखेवरून ठरणाऱ्या राशींचीही दिली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा तर नाहीच, किंचित तोटाच झालेला त्यात दिसतो! एका निकालाचे पुरेसे तुकडे केले, की एखाद्या तुकड्यात निव्वळ योगायोगाने उलटं चित्र दिसतंच. 'अमुक गटात औषध चालत नाही' अशी बातमी वाचताना हा तक्ता आठवावा.

मृत्यू मोजला म्हणजे प्रश्न संपला, असंही नाही. हृदय अचानक बंद पडलं तर छाती दाबण्याबरोबर अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन देण्याची पद्धत अनेक दशकं चालू होती, पण त्याची मोठी चाचणी झालेली नव्हती. ब्रिटनच्या रुग्णवाहिकांमध्ये ती झाली आणि २०१८मध्ये निकाल आला. ८,०१४ रुग्णांपैकी अर्ध्यांना अ‍ॅड्रेनालिन, अर्ध्यांना मिठाचं पाणी. बेशुद्ध, नाडी नसलेल्या माणसाची संमती घेणं अशक्य, म्हणून संमतीविना चाचणी करण्याची परवानगी आगाऊ मिळवून चाचणीची माहिती जाहीरपणे पसरवली गेली. ज्यांना सहभागी व्हायचं नव्हतं त्यांच्यासाठी मनगटात घालायचं कडं ठेवलं होतं.

अ‍ॅड्रेनालिनने नाडी परत येण्याचं प्रमाण तिपटीने वाढलं, ३६.३ टक्के विरुद्ध ११.७ टक्के. पण तीस दिवसांनी जिवंत होते ३.२ टक्के आणि २.४ टक्के. मेंदू बऱ्यापैकी शाबूत राहून रुग्णालयातून बाहेर पडलेल्यांच्या प्रमाणात दोन गटांमध्ये खात्रीचा फरक उरला नाही. जे वाचले त्यांच्यात मेंदूचं गंभीर अपंगत्व अ‍ॅड्रेनालिन गटात ३१ टक्क्यांना होतं, दुसऱ्या गटात १७.८ टक्क्यांना. चाचणीच्या आधी रुग्ण आणि सामान्य नागरिकांना विचारलं होतं, तेव्हा त्यांनी नुसत्या जगण्यापेक्षा शाबूत मेंदूने जगणं वरचं ठरवलं होतं. अ‍ॅड्रेनालिन त्यानंतरही मार्गदर्शक सूचनांमध्ये कायम आहे, कारण जगणाऱ्यांची संख्या त्याने वाढते. हृदय सुरू होईपर्यंत मेंदूचं रक्षण कसं करायचं, हा प्रश्न आता संशोधनापुढे आहे.