कठीण लाकूड

कठीण लाकूड : बाहेरून टणक वस्तूचा दाब आला तरी ती आत रुतू न देण्याची लाकडाची क्षमता म्हणजे त्याचा कठीणपणा किंवा काठिण्य. फरशीच्या फळीवर खुर्चीच्या पायाचा खड्डा पडतो की नाही, खिळा सरळ आत जातो की वाकतो, करवतीची धार किती वेळ टिकते, हे बरेचसे याच गुणावर ठरते. बहुतेक लाकडे पाण्यावर तरंगतात. सर्वांत कठीण गणली जाणारी लाकडे मात्र सरळ तळाला जातात. ऑस्ट्रेलियातील बुलोक, दक्षिण अमेरिकेतील केब्राचो आणि कॅरिबियन बेटांवरील लिग्नम व्हायटी ही त्यांतली अग्रक्रमाची नावे. त्यांतले पहिले कोणते याबद्दल याद्यांचे एकमत नाही, आणि ते होण्याची फारशी शक्यताही नाही. एकाच जातीच्या दोन झाडांच्या, किंबहुना एकाच खोडाच्या दोन भागांच्या काठिण्यात जेवढा फरक पडतो, तेवढा फरक यादीतल्या पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकात अनेकदा नसतो.

मोजमाप : जगभर वापरली जाणारी पद्धत ऑस्ट्रियातील संशोधक गॅब्रिएल यान्का यांच्या नावाने ओळखली जाते. ती १९०६ मधली. पोलादाचा ११.२८ मिमी व्यासाचा गोळा लाकडात अर्धा रुतवायचा आणि त्यासाठी किती बल लागले ते नोंदवायचे, एवढीच ही चाचणी. व्यासाचा आकडा अडनिडा वाटतो, पण तो मुद्दाम निवडलेला आहे : अर्धा गोळा आत गेला की पृष्ठभागावर पडणाऱ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ १०० चौ. मिमी भरते. नमुन्यातील आर्द्रता साधारण १२ टक्के असावी लागते, कारण ओले लाकूड मऊ असते आणि ते वाळत जाईल तसे काठिण्य वाढते. गोळा फळीच्या बाजूवर दाबला आहे की कापलेल्या टोकावर, यानेही आकडा बदलतो. अतिकठीण लाकडांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. गोळा अर्ध्यापर्यंत पोहोचण्याआधीच नमुना उभा चिरतो.

युरोपात ब्रिनेल पद्धतीचाही वापर होतो. तिच्यात बल ठरलेले असते आणि खळग्याचा व्यास मोजतात, त्यामुळे तिचे आकडे यान्काच्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. अमेरिकी याद्या पौंडात, ऑस्ट्रेलियन याद्या किलोन्यूटनमध्ये आणि काही जुनी कोष्टके किलोग्रॅममध्ये असतात. एकीतला आकडा दुसरीत तसाच उतरवल्याने झालेले घोळ महाजालावर विपुल सापडतात.

तुलनेसाठी काही ठोकळ आकडे पुरेत. अतिशय हलक्या बाल्सा लाकडाला ३०० ते ४०० न्यूटन, सागाला सुमारे ४,७०० आणि पांढऱ्या ओकला सुमारे ६,००० न्यूटन बल लागते. बुलोकसाठी दिला जाणारा आकडा सुमारे २२,५०० न्यूटन आहे. म्हणजे नखाएवढ्या गोळ्यावर सव्वादोन टनांहून अधिक भार ठेवावा तेव्हा तो अर्धा आत जातो. केब्राचो सुमारे २०,३०० आणि लिग्नम व्हायटी सुमारे १९,५०० न्यूटनवर येतात.

वनस्पतिशास्त्रातील कठीणकाष्ठ व मृदुकाष्ठ या वर्गांचा या आकड्यांशी थेट संबंध नाही. सपुष्प, रुंद पानांच्या वृक्षांचे लाकूड पहिल्या वर्गात आणि पाइन, देवदार अशा सूचिपर्णी वृक्षांचे दुसऱ्या वर्गात घालतात. त्यामुळे नखाने दबणारे बाल्सा कठीणकाष्ठ ठरते, तर ओकपेक्षाही कठीण असलेले यू हे मृदुकाष्ठ.

काठिण्याची कारणे : लाकडाच्या पेशीभित्ती ज्या द्रव्याच्या बनलेल्या असतात त्याची घनता जवळजवळ सर्व जातींमध्ये सारखीच, दर घन सेंमी.ला सुमारे १.५ ग्रॅम, असते. बाल्सा आणि लिग्नम व्हायटी यांच्यातला फरक मुख्यतः द्रव्याचा नसून त्यातल्या पोकळीचा आहे. बाल्साचा बहुतांश भाग रिकामा असतो. लिग्नम व्हायटीचे तंतू जाड भित्तींचे असून त्यांच्या आतली पोकळी सुईच्या छिद्राहूनही बारीक असते, आणि उरलेल्या वाहिन्या राळेने भरलेल्या असतात. त्याची घनता १.२ च्या पुढे जाते. घनता दुप्पट झाली की काठिण्य ढोबळमानाने चौपट होते, म्हणून यादीच्या वरच्या टोकाला घनतेतला थोडासा फरकही मोठा दिसतो.

मध्यकाष्ठात, म्हणजे खोडाच्या आतल्या गडद भागात, साचणारी राळ, टॅनिन हे तुरट द्रव्य व तैलद्रव्ये लाकूड जड करतात आणि कीड व बुरशीपासून त्याचे रक्षणही करतात. म्हणूनच त्याच खोडाचे बाहेरचे फिकट रसकाष्ठ त्या मानाने कमी टिकते. तंतूंची दिशा एका थरात एकीकडे आणि पुढच्या थरात दुसरीकडे झुकलेली असेल तर लाकूड चिरायला कठीण जाते. कोरड्या हवेत वा निकस जमिनीत संथ वाढणाऱ्या झाडांचे लाकूड पुष्कळदा घट्ट होते, आणि सर्वोच्च क्रमांकाच्या अनेक जाती अशाच प्रदेशांतल्या आहेत. हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. घनदाट पर्जन्यवनातही लोखंडासारखी लाकडे मिळतात.

प्रमुख जाती : बुलोक (अ‍ॅलोकॅझुअरिना लुएमानी) हा सुरूच्या कुळातला मध्यम उंचीचा वृक्ष आग्नेय ऑस्ट्रेलियात आढळतो. त्याच्या मुळांवरील गाठींत हवेतला नायट्रोजन स्थिर करणारे सूक्ष्मजीव राहतात. गव्हाच्या शेतीसाठी त्याची राने मोठ्या प्रमाणावर तोडली गेली आणि त्याच्या बिया खाणारा लाल शेपटीचा काळा काकाकुआ त्या भागात धोक्यात आला. त्याच खंडाच्या कोरड्या अंतर्भागातील गिजी (अकेशिया कँबेजाय) हे बाभळीच्या नात्यातले झाड सुमारे १९,००० न्यूटनपर्यंत जाते. पावसाची चाहूल लागली की त्याच्या पानांना गंधकासारखा उग्र वास सुटतो.

केब्राचो हा आंबा आणि काजू यांच्याच कुळातला, स्किनॉप्सिस प्रजातीतला वृक्ष. अर्जेंटिना व पॅराग्वे यांच्यामध्ये पसरलेल्या ग्रान चाको प्रदेशातून त्याचे लाल लाकूड रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि खांबांसाठी निघाले. पण त्याच्यावर खरी कुऱ्हाड पडली ती टॅनिनसाठी. ओंडक्यांचा भुगा उकळून काढलेला हा अर्क कातडी कमावण्यासाठी जगभर जाई. १९०६ मध्ये ब्रिटिश भांडवलावर उभी राहिलेली फॉरेस्टल कंपनी या धंद्यात सर्वांत बलाढ्य ठरली. सांता फे प्रांतात तिची स्वतःची गावे आणि स्वतःचे लोहमार्ग होते. १९१९ ते १९२१ या काळात तिथल्या कामगारांचे संप रक्तपाताने मोडून काढण्यात आले. पुढे आफ्रिकेतील वॅटल झाडाच्या सालीपासून टॅनिन स्वस्तात मिळू लागले तेव्हा कंपनीने चाकोतून काढता पाय घेतला. तोवर प्रदेशाच्या मोठ्या भागात जुनी झाडे उरली नव्हती.

लिग्नम व्हायटी : ग्वायाकम ऑफिसिनेल आणि ग्वायाकम सँक्टम या दोन लहानखुऱ्या, निळ्या फुलांच्या वृक्षांचे हे लाकूड. पहिल्याचे फूल जमेकाचे राष्ट्रीय फूल आहे, तर दुसरा बहामाचा राष्ट्रीय वृक्ष आहे. काठिण्यात त्याला मागे टाकणारी लाकडे असली तरी उपयोगात त्याची बरोबरी कोणी केली नाही, आणि याचे श्रेय त्याच्यातल्या मेणचट राळेला आहे. ताजे रंधलेले लाकूड बोटाला किंचित तेलकट लागते आणि उजेडात ठेवले की हिरवट होत जाते.

सोळाव्या शतकात युरोपात उपदंशावरचा उतारा म्हणून त्याचा काढा दिला जाई. ऑग्सबर्गच्या फुगर या व्यापारी घराण्याने त्याच्या आयातीतून पैसा केला. रोग्यांना त्याचा गुण आला नाही. राळेचा खरा वैद्यकीय उपयोग पुष्कळ नंतरचा आहे : ती लावलेल्या कागदावर मलाचा नमुना ठेवून हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकले की न दिसणारे रक्तही निळ्या रंगाने उघड होते.

कारागिरांनी मात्र त्याचे मर्म लवकर ओळखले. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसन यांनी १७२० च्या दशकात ब्रॉकल्सबी पार्क येथे बसवलेल्या मनोऱ्यावरील घड्याळात फिरते भाग या लाकडात बसवले. त्या काळची वंगणे लवकर चिकट होत आणि घड्याळे अडकत. इथे वंगण घालण्याची गरजच उरली नाही, आणि ते घड्याळ अजून चालते. १८५० च्या दशकात पाण्यातल्या पंख्यावर (प्रॉपेलरवर) चालणाऱ्या आगबोटींपुढे नवे संकट उभे राहिले. पंख्याचा दांडा जिथून पाण्यात उतरतो तिथले पितळी बेअरिंग खारे पाणी आणि वाळू यांमुळे भराभर झिजे. अभियंता जॉन पेन यांनी पितळी नळीच्या आत खाचा पाडून त्यांत लिग्नम व्हायटीच्या पट्ट्या बसवल्या व त्यांच्यामधून समुद्राचे पाणीच खेळू दिले. पाणी आणि राळ मिळून वंगणाचे काम करू लागले. पुढच्या शंभरेक वर्षांत असंख्य जहाजे याच तोडग्यावर फिरली, आणि काही जलविद्युत केंद्रांतील टर्बाइनांनाही अशी बेअरिंगे बसवली गेली. लाकडी हातोडे, खलबत्ते, कप्प्या आणि हिरवळीवर खेळायचे जड गोळेही यापासून बनत. एवढ्या मागणीला इतके संथ वाढणारे झाड पुरे पडणे शक्यच नव्हते. २००३ पासून संपूर्ण ग्वायाकम प्रजाती साइटीस या, धोक्यातील प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो.

इतर जाती : आफ्रिकन ब्लॅकवुड (डाल्बर्जिया मेलॅनोझायलॉन) हे शिसवीच्या प्रजातीतले, सुमारे १६,००० न्यूटनचे काळे लाकूड टांझानिया व मोझांबिकमधून येते. क्लॅरिनेट, ओबो आणि बॅगपाइप यांच्या नळ्यांसाठी ते अजूनही पहिल्या पसंतीचे आहे, कारण लेथवर ते धातूसारखे स्वच्छ कातले जाते आणि फुंकेच्या ओलाव्याने सहसा आकार सोडत नाही. झाडाचे खोड वेडेवाकडे व चिरफळलेले असल्याने तोडलेल्या लाकडाचा फार थोडाच भाग वाद्याच्या कामी येतो. सुरिनाम व गयाना येथील स्नेकवुडवर सापाच्या कातडीसारखे ठिपके असतात. जुन्या पद्धतीच्या व्हायोलिनचे गज आणि हातातल्या काठ्या त्यापासून करतात.

गयानातलेच ग्रीनहार्ट काठिण्यात या सर्वांच्या मागे आहे, पण समुद्राच्या पाण्यात ते दीर्घकाळ टिकते. अंटार्क्टिकाचे संशोधक शॅकल्टन यांच्या ‘एंड्युरन्स’ जहाजाला बर्फाच्या घर्षणापासून वाचवण्यासाठी बाहेरून याच लाकडाचे आवरण होते. बर्फ घासण्याला ते पुरून उरले असते. बर्फाने चहूबाजूंनी आवळणे हे वेगळेच प्रकरण होते, आणि १९१५ मध्ये वेडेल समुद्रात जहाज चिरडून बुडाले. ब्राझील व आसपासच्या देशांतील ईपे हे लाकूड उघड्यावरच्या फळीकामासाठी जगभर विकले जाते. न्यूयॉर्कमधील कोनी आयलंडच्या समुद्रकाठच्या फळीवाटेतही ते वापरले आहे. नोव्हेंबर २०२४ पासून त्याचाही व्यापार साइटीसच्या कक्षेत आला. आशियात श्रीलंकेचा राष्ट्रवृक्ष नागकेशर आणि भारतीय द्वीपकल्पातील अंजन ही याच पंगतीतली जड लाकडे आहेत.

कामातील अडचणी : अशा लाकडात खिळा थेट ठोकता येत नाही. आधी गिरमिटाने भोक पाडावे लागते, आणि तरी पितळी स्क्रूचे डोके तुटते ते वेगळेच. साध्या पोलादी पात्याची धार काही फळ्यांतच जाते, म्हणून कार्बाइडचे दात लावलेली करवत वापरतात. तंतूंची दिशा सतत बदलत असेल तर रंधा एकीकडे साफ चालतो आणि दुसरीकडे कपचे उपटतो. राळयुक्त लाकडावर सरस धरत नाही. चिकटवण्याआधी पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून लगेच जोड दाबावा लागतो. वाळवण्यात घाई केली की टोकांकडून भेगा पडतात, त्यामुळे ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडांना मेण फासून ते सावकाश वाळू देतात. काहींचा भुसा त्वचेला व श्वासनलिकेला त्रास देतो.

कृत्रिम घनीकरण : पोकळी हेच मऊपणाचे कारण असेल तर ती दाबून काढता येते. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात लिआंगबिंग हू व टेंग ली यांच्या गटाने साधे लाकूड सोडियम हायड्रॉक्साइड व सोडियम सल्फाइटच्या द्रावणात उकळून त्यातील लिग्निन, म्हणजे पेशीभित्तींना ताठपणा देणारे द्रव्य, अंशतः काढले आणि उष्णतेखाली दाबून त्याची जाडी सुमारे पाचव्या हिश्शावर आणली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात लाकडाची ताकद जवळजवळ बारा पट झाल्याचे नोंदवले आहे. २०२१ मध्ये याच दिशेने केलेल्या प्रयोगात काठिण्य मूळच्या सुमारे २३ पट झाले. त्या लाकडापासून मांस कापणारी सुरी बनवली गेली आणि फळ्यांत ठोकता येतील असे, गंज न चढणारे लाकडी खिळेही.