चित्रकला ट्युटोरियल आणि सातारा परिसर

रेखाटन, रंगकाम किंवा डिजिटल चित्रण यांतील एखादी कृती टप्प्याटप्प्याने करून दाखवणारा धडा म्हणजे ट्युटोरियल. तो छापील किंवा नुसता चित्रमयही असू शकतो, पण आता हा शब्द मुख्यतः व्हिडिओसाठीच वापरला जातो. बोलताना तर 'व्हिडिओ बघून शिकला' एवढ्यावरच भागते. टाइमलॅप्स मात्र ट्युटोरियल नव्हे. चार तासांचे काम चाळीस सेकंदांत पळताना पाहायला मौज वाटते, पण चित्रकाराचा हात कुठे थांबला हे त्यात दिसत नाही, आणि शिकण्याजोगे बरेचसे त्या थांबण्यातच असते.

सातारा जिल्ह्यातल्या मुलांची चित्रकलेशी पहिली रीतसर ओळख होते ती बहुधा शाळेत, कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांमुळे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे तिथले विषय. दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी परीक्षेला बसणारे पुष्कळ. तरी तांब्याच्या तोंडाची लंबवर्तुळाकार कड काढता काढता त्यांच्या डोळ्याला वळण लागतेच. यूट्यूब २००५ साली सुरू झाले, पण खेड्यापाड्यांतल्या मुलांना तासन्‌तास व्हिडिओ पाहणे परवडू लागले ते सप्टेंबर २०१६ नंतर, मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर. तेव्हापासून शाळेतला तास आणि फोनवरचा धडा असे दोन प्रवाह एकाच वहीत उतरताना दिसतात.

चांगल्या ट्युटोरियलचे बलस्थान म्हणजे क्रम. आधी मोठा आकार, मग त्याचे तुकडे, मग छायाभेद, बारकावे सर्वांत शेवटी. हे तो न कंटाळता, हवे तितक्या वेळा दाखवतो. मनुष्याकृती ठोकळे, नळकांडी आणि गोल यांतून उभी करणे, क्षितिजरेषा ठरवून समांतर रेषा एका बिंदूत मिळवणे, हे असे धडे घरबसल्या उत्तम शिकता येतात. इंटरमिजिएटची घनभूमिती मनापासून केलेल्यांना यथार्थदर्शनाचे (पर्स्पेक्टिव्हचे) व्हिडिओ सोपे जातात, असा अनुभव आहे. वाईट धड्याची थट्टा जगभर एकाच विनोदाने होते: दोन वर्तुळे काढा, आता उरलेले घुबड काढा.

ट्युटोरियलचे उणेपण मात्र मूळचेच आहे. त्याला तुमचे चित्र दिसत नाही. वर्गातले सर पाठीमागून येतात, कागदाच्या कोपऱ्यात दोन रेषांत तांब्याचा पोटवळा काढून दाखवतात आणि पुढच्या बाकाकडे जातात. तेवढ्याने काम होते. एकट्याने शिकणाऱ्याला हे तपासणीचे काम स्वतःच करावे लागते. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये सोय असते: चित्र आडवे उलटवून पाहणे, ते नखाएवढे लहान करणे, रंग काढून फक्त करड्या छटा ठेवणे. यातले काहीही नवे नाही. जुने चित्रकार आरशात चित्र पाहत, चार पावले मागे सरत आणि डोळे किलकिले करत, ते याचसाठी.

डिजिटल चित्रणातली नवी गोष्ट म्हणजे लेअर. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे हे थर असतात. खालच्यावर कच्चे रेखाटन, वर पक्की रेषा, मध्ये सपाट रंग, त्यावर 'मल्टिप्लाय' म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या पद्धतीने सावली. फोटोशॉप १९९० मध्ये आले तेव्हा त्यात लेअर नव्हते, ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. आज क्रिटा हे संगणकावरचे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे, आणि आयबिसपेंटसारखे अ‍ॅप फोनवरही चालते. सुरुवात आता पैशांवाचून अडत नाही, अडते ती पेनपाशी. बाजारात स्वस्तात मिळणारा जाड रबरी टोकाचा स्टायलस म्हणजे बोटाचाच पर्याय. त्याला दाब कळत नाही, त्यामुळे रेषा सगळीकडे सारख्याच जाडीची उमटते. दाब ओळखणारा पेन टॅब्लेट, म्हणजे संगणकाला जोडायची बिनपडद्याची पाटी, घेतला की दुसरी परीक्षा सुरू होते. हात टेबलावर चालतो आणि नजर समोरच्या पडद्यावर. पहिले काही दिवस सरळ रेषाही वाकडी येते, आणि पुष्कळजण नेमके तेव्हाच टॅब्लेट कपाटात ठेवून देतात. रेषा आपोआप गुळगुळीत करणारा स्टॅबिलायझर या काळात कुबडीसारखा कामाला येतो. तो कायम चढा ठेवला तर खांद्यापासून हात फिरवण्याची सवय लागत नाही.

निसर्गचित्रात स्थळाचा प्रश्न उभा राहतो. लोकप्रिय ट्युटोरियलमधला डोंगर टोकदार, बर्फाच्छादित असतो आणि पायथ्याला सूचिपर्णी झाडे. साताऱ्यात खिडकीतून दिसतो तो अजिंक्यतारा, आणि त्याचा माथा सपाट आहे. सह्याद्रीचा हा भाग लाव्हाच्या आडव्या थरांवर थर साचून बनला. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून इथला डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो आणि वर पठार होतो, कासला तर जांभ्याचे. हे ध्यानात न घेता व्हिडिओतला त्रिकोण उचलला की अजिंक्यतारा आल्प्समधून आणल्यासारखा दिसतो. दूरचे डोंगर निळसर व फिके करावेत हा नियमही जसाच्या तसा लागू होत नाही. पावसाळी उघडिपीत तो चपखल बसतो, पण एप्रिलच्या धुरकट दुपारी दूरच्या डोंगराचा निळेपणा जाऊन मातकट करडेपणा उरतो. संगम माहुलीच्या घाटावर किंवा वाईजवळच्या मेणवलीत, नदीकाठी तासभर वही घेऊन बसले की व्हिडिओतल्या कोणत्या सूचना इथे लागू पडतात आणि कोणत्या नाही, ते कळते. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रेही आहेत.

स्मरणचित्राची गत सर्वांत केविलवाणी. पाहिलेला आठवडी बाजार, एसटी स्टँड, गणपतीची मिरवणूक आठवून काढावी, हा त्या पेपराचा हेतू. 'परीक्षेसाठी सोपी स्मरणचित्रे' या नावाच्या व्हिडिओंनी टोपली घेतलेली बाई, पतंग उडवणारा मुलगा आणि झाडाखालचा म्हातारा अशा तयार आकृत्या पुरवल्या, आणि मुले त्याच पाठ करतात. आठवण होते ती व्हिडिओची. पण नक्कल वाईटच, असा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल; चित्रकला पूर्वापार नक्कल करतच शिकली गेली आहे. खटाव तालुक्यातल्या औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, रामायणावर त्यांनी चित्रमाला काढली, आणि त्यांनी यमाईच्या डोंगरावर उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा, धुरंधर यांची मूळ चित्रे पाहायला मिळतात. नक्कल करायचीच तर मूळ चित्र समोर ठेवून करावी. पडद्यावर बोटांनी मोठे केलेले चित्र आणि कॅनव्हासवरचा रंगाचा थर यांत जो फरक आहे, तो औंधला उभे राहून पाहिल्यावर पुन्हा सांगावा लागत नाही.

या शिक्षणाचा व्यावहारिक उपयोग सातारा, कराड, सांगलीकडे आधी दिसतो तो फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानांत. तिथे कोरलड्रॉ आणि फोटोशॉप चालते, वाढदिवसाचा बॅनर तासाभरात हवा असतो आणि गिऱ्हाईक खुर्चीच्या मागे उभे असते. हीही एक शाळाच, जरा घाईची. बहुतेक ट्युटोरियल्समध्ये छपाईचा धडा नसतो, तो इथे मिळतो. ए-फोर आकाराचे चित्र नीट छापायचे तर ३०० डीपीआयच्या (एका इंचात ३०० ठिपके) हिशेबाने २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. उंचावर लागणारा, लांबून पाहायचा फ्लेक्स याहून पुष्कळ कमी डीपीआयवर निभावतो. पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग बनवतो आणि छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईतून. त्यामुळे पडद्यावर झगमगणारे काही रंग शाईला पेलतच नाहीत. कारवीचा निळाजांभळा बहर फोनवर रंगवणाऱ्याला हा फटका हमखास बसतो: छापून आल्यावर फुले फिकी आणि मळकट दिसतात. दुकानातले अनुभवी लोक म्हणूनच चित्र आधी छपाईच्या रंगपद्धतीत बदलून पाहतात, रंग थोडे जुळवून घेतात आणि एक लहान तुकडा छापून घेतल्यावरच मोठ्या छपाईला हात घालतात.