अवशिष्ट एन्थाल्पीची पार्श्वभूमी

१८४५ मध्ये इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी दाबाखालची हवा निर्वात भांड्यात सोडून पाहिली. दोन्ही भांडी पाण्यात बुडवलेली होती, आणि त्या पाण्याच्या तापमानात फरक दिसला नाही. पण एवढ्या पाण्यात हवेचा बारीकसा फरक कळणार तरी कसा? १८५२ पासून विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांच्यासोबत त्यांनी वेगळी मांडणी केली : नळीत सच्छिद्र बोळा बसवायचा आणि वायू त्यातून संथपणे पुढे ढकलायचा. आता हवा गार झाली, दर वातावरण दाबामागे साधारण पाव अंशाने. हायड्रोजन मात्र किंचित तापला.

माझ्या मते अवशिष्ट एन्थाल्पीची गोष्ट इथूनच सुरू होते, हे नाव पुष्कळ नंतरचे असले तरी. बोळ्यातून जाताना वायूची एन्थाल्पी, म्हणजे त्याची आंतरिक ऊर्जा अधिक दाब आणि आकारमान यांचा गुणाकार, बदलत नाही. आदर्श वायूची, म्हणजे ज्याच्या रेणूंना आकारमान नाही आणि परस्पर ओढही नाही असे मानतात त्या वायूची, एन्थाल्पी फक्त तापमानावर ठरते; म्हणजे हवा गार झाली तेव्हा तिच्या एन्थाल्पीतला आदर्श वायूचा भाग घटला. ही घट भरून काढणारा दुसरा भाग असलाच पाहिजे : त्याच तापमानाला आणि दाबाला खरा वायू आणि आदर्श वायू यांच्या एन्थाल्पीत जो फरक उरतो, तो. हीच अवशिष्ट एन्थाल्पी.

हा फरक का पडतो, ते १८७३ मध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांच्या प्रबंधाने उलगडले : रेणूंना आकारमान असते आणि ते एकमेकांना ओढतात. ‘एन्थाल्पी’ हा शब्द पुढे डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांनी सुचवला. रेडलिख-क्वाँग (१९४९), सोआवे (१९७२) आणि पेंग-रॉबिन्सन (१९७६) यांच्या समीकरणांनी अवशिष्ट एन्थाल्पी दाब, आकारमान आणि तापमान यांवरून काढणे सोपे केले.

द्रावणांच्या अभ्यासात तिचे महत्त्व आणखी वाढते. तिथे तुलनेसाठी आदर्श द्रावण, म्हणजे मिसळताना उष्णता शोषली जात नाही की बाहेर पडत नाही असे मानलेले द्रावण, घेण्याचीही रीत आहे; त्या तुलनेत उरणाऱ्या फरकाला अतिरिक्त एन्थाल्पी म्हणतात. विद्यार्थी या दोन्हींची हमखास गल्लत करतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही; नावे खरोखरच जवळची आहेत. नाते मात्र सरळ आहे. मिश्रणाच्या अवशिष्ट एन्थाल्पीतून प्रत्येक शुद्ध घटकाची, त्याच्या मोल-अंशाने (मिश्रणातील एकूण मोलांमधल्या त्याच्या वाट्याने) गुणलेली, अवशिष्ट एन्थाल्पी वजा करा. उरते ती अतिरिक्त एन्थाल्पी, म्हणजेच मिसळताना शोषली किंवा बाहेर पडलेली उष्णता. आदर्श वायू दोन्हीकडे सारखाच असल्याने वजाबाकीत निघून जातो.