लघुप्रमाण जैवइंधन निर्मिती

वनस्पती तेल, चरबी, साखर, पिष्ट, शेण किंवा खरकटे यांपासून इंजिनात अथवा शेगडीत जळणारे इंधन घर, शेत, सहकारी गट किंवा छोटी कार्यशाळा यांच्या आवाक्यातल्या उपकरणांनी तयार करणे, म्हणजे लघुप्रमाण जैवइंधन निर्मिती. एका घाण्यात काही दहा लिटर ते दिवसाला काहीशे लिटर, असा तिचा साधारण पल्ला. या प्रमाणावर मुख्यतः तीन इंधने बनतात : बायोडिझेल, इंधन मद्यार्क (इथेनॉल) आणि बायोगॅस. तिन्हींचे रसायनशास्त्र जुने आहे आणि नळजोडणीची कामे येणाऱ्या माणसाला त्यांची साधनसामग्री जुळवता येते. मात्र त्यांना लागू होणारे कायदे एकमेकांपासून फार वेगळे आहेत. हा वेगळेपणा धोक्याच्या प्रमाणात आलेला नाही. त्या पदार्थाचा आणखी काय उपयोग होऊ शकतो आणि त्यावर सरकारचा कोणता कर बुडू शकतो, यावरून तो ठरत आला आहे.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. पण तेल जसेच्या तसे वापरले, तर दाटपणामुळे त्याचा फवारा नीट उडत नाही आणि इंजिनात काजळी साचते. १९३७ मध्ये ब्रुसेल्स विद्यापीठातील जी. शावान यांनी तेलाचे एस्टरमध्ये (आम्ल आणि मद्यार्क यांच्या संयोगातून होणाऱ्या संयुगात) रूपांतर करण्याच्या पद्धतीचे बेल्जियन पेटंट घेतले. आजच्या बायोडिझेलचे मूळ तिथे आहे. बायोगॅसची परंपरा त्याहून जुनी आहे. मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये मैल्यापासून मिळवलेला वायू वापरात होता. या सगळ्याकडे लहान उत्पादकांचे लक्ष खऱ्या अर्थाने वळले ते १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर.

बायोडिझेल

तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. मिथेनॉल आणि अल्कली उत्प्रेरक (कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश) मिसळून तेल ढवळले, की या साखळ्या सुटतात आणि प्रत्येक साखळीला मिथेनॉलचा एक रेणू जोडला जाऊन मिथिल एस्टर तयार होते. हेच बायोडिझेल. मोकळे झालेले ग्लिसरीन जड असल्याने तळाशी बसते. १०० लिटर तेलाला साधारण २० लिटर मिथेनॉल घेतात. प्रत्यक्षात लागणारे मिथेनॉल याहून बरेच कमी असते, परंतु अभिक्रिया उलट दिशेनेही जाऊ शकत असल्याने ती पुढे रेटण्यासाठी जादा मिथेनॉल लागते. तापमान ५५° सेल्सियसच्या आसपास ठेवतात, कारण मिथेनॉल ६४.७° सेल्सियसला उकळते. तास-दोन तास ढवळून मिश्रण रात्रभर स्थिर ठेवले, की वर फिकट सोनेरी एस्टर आणि खाली गडद तपकिरी ग्लिसरीन असे दोन स्पष्ट थर दिसतात.

तळणातून उरलेले तेल वापरायचे असेल तर खरी कसोटी उत्प्रेरकाच्या मापात असते. वारंवार तापलेल्या तेलात मेदाम्ले मोकळी झालेली असतात. ती उत्प्रेरक खाऊन टाकतात आणि त्याचा साबण करतात. म्हणून प्रत्येक नव्या पिंपातल्या तेलाचे अनुमापन, म्हणजे त्यातल्या आम्लाचे मोजमाप, करावे लागते. १ मिलिलिटर तेल १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवतात, त्यात फिनॉफ्थॅलिन या अल्कलीत गुलाबी होणाऱ्या सूचकाचे दोन-तीन थेंब घालतात आणि लिटरभर ऊर्ध्वपातित पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक सोडा घालून केलेले द्रावण सिरिंजने थेंबथेंब सोडतात. गुलाबी छटा येते, हलवल्यावर जाते, पुन्हा येते. ती अर्धा मिनिट टिकली की थांबायचे. जितके मिलिलिटर द्रावण खर्ची पडले तितके ग्रॅम सोडा, ताज्या तेलाला लागणाऱ्या लिटरमागे ३.५ ग्रॅम या मापात मिळवायचा. २.५ मिलिलिटर लागले तर लिटरमागे ६ ग्रॅम. ही आकडेमोड शाळकरी वाटते, पण बिघडलेल्या बहुतेक घाण्यांचे मूळ ती टाळण्यात असते. सोडा कमी पडला तर तेल अर्धवट बदलते. जास्त पडला, किंवा तेलात पाणी राहिले, तर टाकीभर साबणाचा लगदा होतो आणि तो कोणत्याही गाळणीतून जात नाही. तेल फारच आम्लयुक्त असेल तर आधी गंधकाम्लाच्या साहाय्याने मोकळ्या मेदाम्लांचे एस्टर करून घेतात आणि मग अल्कलीची पायरी घेतात.

साधनांमध्ये तेल तापवून पाणी काढण्याची टाकी, मिथेनॉल आणि सोडा यांचे मिश्रण करण्याचे बंद भांडे, अभिक्रिया टाकी, पंप, निवळण्याची शंकूच्या तळाची टाकी आणि धुण्या-वाळवण्याची सोय एवढे लागते. विजेवर पाणी तापवण्याच्या उभ्या टाकीपासून अभिक्रिया टाकी बनवण्याची युक्ती अनेक देशांत रूढ झाली, आणि तिच्यामागे विचार आहे : टाकी बंद असते, तापक तेलात बुडालेला राहतो आणि तळाला निचऱ्याची तोटी आयती असते. उघड्या पिंपात काठीने किंवा ड्रिल यंत्राने ढवळण्याची पद्धतही सर्रास दाखवली जाते. ती अजिबात वापरू नये. मिथेनॉलचा ज्वलनांक, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकेल असे किमान तापमान, सुमारे ११° सेल्सियस आहे, हवेत ६ ते ३६ टक्के वाफ असली की ती पेट घेते, आणि तिची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. ड्रिलच्या मोटारीतली ठिणगी त्याला पुरते. मिथेनॉल त्वचेतूनही शरीरात जाते आणि तिथे त्याचे फॉर्मिक आम्ल होऊन दृष्टिनाडीला इजा होते. त्यामुळे बंद टाकी, खेळती हवा, ठिणगीरोधक मोटार, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा या गोष्टींना पर्याय नाही. ॲल्युमिनियमची भांडीही चालत नाहीत, कारण कॉस्टिक सोडा त्यांना खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. तयार इंधनाच्या साठवणीत तांबे, पितळ आणि जस्ताचा मुलामा टाळतात, कारण या धातूंमुळे बायोडिझेल लवकर खराब होते. नैसर्गिक रबराच्या नळ्या त्यात फुगून मऊ पडतात.

वरचा थर वेगळा केल्यावर त्यातला साबण, उत्प्रेरक आणि उरलेले मिथेनॉल काढावे लागते. पाण्याने धुताना सुरुवातीला फक्त तुषार सोडतात. जोरात ढवळल्यास तेल-पाण्याचे दुधासारखे एकजीव मिश्रण (पायस) होते आणि ते फुटायला दिवस लागतात. पाणी टाळायचे असेल तर साबण आणि उत्प्रेरक धरून ठेवणाऱ्या आयनविनिमय राळेच्या थरातून इंधन गाळतात. रूपांतर पुरे झाले का, हे पाहायला एक सोपी चाचणी आहे : ३ मिलिलिटर बायोडिझेल २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये हलवून ठेवायचे. एस्टर विरघळते, न बदललेले तेल तळाशी थेंब धरते. तळ स्वच्छ नसेल तर तो घाणा पुन्हा अभिक्रियेला घालावा लागतो. ही चाचणी प्रयोगशाळेच्या तपासणीची जागा घेत नाही, पण इंजिन वाचवते.

१०० लिटर तेलामागे सुमारे १० किलो ग्लिसरीन निघते. कच्च्या स्थितीत त्यात साबण आणि मिथेनॉल असल्याने प्रत्यक्ष वजन अधिक भरते. त्यातले मिथेनॉल बंद टाकीत तापवून, वाफ थंड करून परत मिळवता येते. उरलेले ग्लिसरीन थोड्या थोड्या प्रमाणात बायोगॅस संयंत्रात चांगले पचते. धुण्याचे पाणी मात्र अल्कलीयुक्त आणि साबणाचे असते. ते ओढ्यात किंवा पावसाच्या गटारात सोडल्यास पाण्यातला प्राणवायू संपतो. लहान उत्पादकांवर कारवाई होण्याचे हे एक रास्त कारण आहे.

इंधन मद्यार्क

साखरेच्या रसावर यीस्ट सोडले की ३०° सेल्सियसच्या आसपास काही दिवसांत ८ ते १२ टक्के मद्यार्काचे आंबवण तयार होते. १०० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ ग्रॅम इथेनॉल मिळू शकते, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. धान्य किंवा कंद वापरल्यास आधी विकरांनी (एन्झाइमांनी) पिष्टाची साखर करावी लागते. आंबवणे कोणालाही जमते, अडचण ऊर्ध्वपातनात आहे. आंबवणात मद्यार्क ५ टक्केच असला तर एका लिटरसाठी २० लिटर द्रव तापवावा लागतो. म्हणून दाट आंबवण आणि उष्णता परत वापरणारी मांडणी यांवरच सगळा ताळेबंद अवलंबून असतो. साध्या भट्टीऐवजी धातूच्या जाळीने किंवा कड्यांनी भरलेला उंच स्तंभ वापरतात. त्यात वाफ वर चढताना पुन्हा पुन्हा द्रव होते आणि पुन्हा उकळते. तरीही वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे साध्या ऊर्ध्वपातनाने जाता येत नाही, कारण तिथे वाफेचे आणि द्रवाचे प्रमाण एकच होते. उरलेले पाणी ३ अँगस्ट्रॉम छिद्रांच्या झिओलाइट या सच्छिद्र खनिजात शोषले जाते. या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो, इथेनॉलचा शिरत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचे तर हे निर्जलीकरण आवश्यकच आहे, नाहीतर पाण्यासह मद्यार्क टाकीच्या तळाशी वेगळा होतो. फेरफार केलेल्या इंजिनात ९५ टक्क्यांचा मद्यार्क एकटाही चालतो. ब्राझीलमध्ये असे सजल इथेनॉल पंपावर विकले जाते. इथेनॉलमध्ये लिटरमागे सुमारे २१ मेगाजूल ऊर्जा असते आणि पेट्रोलमध्ये सुमारे ३२, त्यामुळे त्याच अंतराला इंधन जास्त लागते.

बायोगॅस

हवाबंद, प्राणवायू नसलेल्या टाकीत जीवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि ५५ ते ६५ टक्के मिथेन असलेला वायू देतात. एक घनमीटर वायूला सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. भारतात खादी व ग्रामोद्योग आयोगाने पसरवलेले तरंगत्या टाकीचे संयंत्र आणि १९८४ मधले स्थिर घुमटाचे दीनबंधू संयंत्र हे दोन नमुने सर्वाधिक रुजले. वायूतले हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि धातू गंजवते. लोखंडी कीस भरलेल्या नळकांड्यातून वायू नेला की ते बरेचसे अडते. शेगडीसाठी वायू थेट वापरता येतो, पण वाहनासाठी त्याचे शुद्धीकरण करून तो दाबाने भरावा लागतो. हे काम घरगुती पातळीच्या बाहेरचे आहे.

सरकारी नियमन

मद्यार्कावर सगळ्यात कडक नजर असते, कारण तो पिता येतो. अमेरिकेत १८६२ पासून स्पिरिटवर कर बसला आणि दिव्यात जाळायचा मद्यार्कही त्यात सापडला. त्या काळी टर्पेंटाइन मिसळलेला मद्यार्क दिव्यांचे प्रमुख इंधन होता, तो बाजारातून मागे पडला. पिण्यास अयोग्य केलेल्या मद्यार्काला करमुक्ती मिळायला १९०६ उजाडावे लागले. १९८० च्या कायद्याने तिथे इंधन मद्यार्काच्या भट्ट्यांसाठी वेगळा परवाना आला. वर्षाला १०,००० प्रूफ गॅलनपर्यंत, म्हणजे शुद्ध मद्यार्काच्या हिशेबात सुमारे १९,००० लिटरपर्यंतची भट्टी ‘लहान’ धरली जाते. तिला हमीपत्र लागत नाही, फक्त नोंदी आणि वार्षिक अहवाल द्यावा लागतो. जागेबाहेर न्यायचा मद्यार्क विकृत करावा लागतो : १०० गॅलनमागे किमान २ गॅलन पेट्रोल किंवा तत्सम पदार्थ मिसळून तो पिण्यास निरुपयोगी करतात. नियम लहान माणसाला परवडेल असा करता येतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. भारतात ऊर्ध्वपातनाला राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. औद्योगिक मद्यार्कावर अधिकार केंद्राचा की राज्यांचा, हा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०२४ मध्ये राज्यांच्या बाजूने निकाली काढला.

बायोडिझेल कोणी पीत नाही. तिथे सरकारचे लक्ष रस्त्यावरील इंधनकराकडे असते. ब्रिटनमध्ये २००७ पासून वर्षाला २,५०० लिटरपेक्षा कमी जैवइंधन बनवणाऱ्यास किंवा वापरणाऱ्यास नोंदणी आणि शुल्क दोन्ही माफ आहेत. एका कुटुंबाची गाडी यात आरामात चालते. या मर्यादेमुळे हजारो लिटर विकणारा आणि स्वतःपुरते बनवणारा यांच्यात कायद्याने रेष ओढली, जी अनेक देशांत अजून धूसर आहे. विक्री सुरू होताच गुणवत्तेची मानके लागू होतात : युरोपात ईएन १४२१४, अमेरिकेत एएसटीएम डी६७५१, भारतात आयएस १५६०७. युरोपीय आणि अमेरिकी मानकांत मोकळे ग्लिसरीन ०.०२ टक्के आणि मिथेनॉल ०.२ टक्के यांच्या आत असावे लागते. या चाचण्यांना वायुवर्णलेखनाची (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याची) वगैरे यंत्रे लागतात आणि पूर्ण संचाचा खर्च मोठ्या घाण्यावर विभागला तरच झेपतो. त्यामुळे विक्री करू पाहणाऱ्या लहान उत्पादकाला भट्टीपेक्षा प्रयोगशाळा महाग पडते. अनेक उत्पादकांनी मिळून एका मोठ्या टाकीत इंधन एकत्र करणे आणि त्या एकाच साठ्याची तपासणी करून घेणे, हा यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

वापरलेले तेलही कायद्याच्या कक्षेत येते, ते अन्नसाखळीत परतू नये म्हणून. युरोपीय संघात उपाहारगृहातले असे तेल जनावरांच्या खाद्यात घालायला बंदी आहे. कॅलिफोर्नियात ते वाहून नेणाऱ्याला स्वतंत्र नोंदणी लागते. भारतात तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तेल तापून खराब होताना त्यात वाढणाऱ्या पदार्थांचे, प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते स्वयंपाकाला वापरता येत नाही, आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये असे तेल बायोडिझेलकडे वळवण्याची योजना आखली. भारताच्या २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणातही या तेलाला कच्च्या मालाचे स्थान आहे.

बायोगॅस पिताही येत नाही आणि शेगडीत जळणाऱ्या वायूवर रस्त्याचा कर नसतो, म्हणून घरगुती संयंत्राकडे सरकार परवान्यापेक्षा अनुदान घेऊनच येते. खरे तर बंद टाकीत शिरून गुदमरण्याचा आणि गळतीतून स्फोट होण्याचा धोका इथेही आहे. त्याबाबतची जबाबदारी बहुतेक ठिकाणी बांधणाऱ्या गवंड्यावर आणि वापरणाऱ्यावर सोडलेली दिसते, आणि ही उणीव भरून निघायला हवी. वायू सिलिंडरमध्ये भरला की चित्र पालटते. मग दाबपात्रांचे नियम, सिलिंडरची ठरावीक मुदतीची तपासणी आणि भारतात बायोमिथेनचे आयएस १६०८७ हे मानक, सगळेच लागू होते.